चहाला जाऊन या

१

“चौकस, सगळ्यांना घेऊन खाली जा बघू. निवांत चहा पिऊन या. तुम्ही वर याल तोवर नवा सर्व्हर उभा असेल.”

मास्तरांचा तो आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. खर्जातला, जरा घोगरा, आणि काम सांगतानाही लाड केल्यासारखा. तेव्हा ती या कार्यालयात नवीन होती. प्रश्न विचारून विचारून सगळ्यांना भंडावून सोडायची, म्हणून मास्तरांनी तिला ‘चौकस’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव तिला असं चिकटलं की खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

नोकरी सोडल्यानंतर आज ती त्याच जिन्याच्या पायऱ्या पुन्हा चढत होती. रुग्णालयांच्या संघाने तिला तपासनीस म्हणून नेमलं होतं, आणि ज्यांच्यावर ठपका होता ते मास्तरच होते.

प्रकरण असं होतं. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे, हे संघातल्या लहानमोठ्या रुग्णालयांना चुटकीसरशी सांगणारी सेवा या कार्यालयातून चाले. रुग्णालयाने प्रश्न पाठवायचा, भाड्याने घेतलेल्या क्लाउडवरच्या सर्व्हरने उत्तर द्यायचं. एका दुपारी लांबच्या एका छोट्या रुग्णालयात नुकतीच बाळंत झालेली मुलगी रक्तस्रावाने पांढरीफटक पडली. परिचारिकेने प्रश्न पाठवला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तिने पुन्हा पाठवला. आजवर उत्तर आलं नाही असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे फोन उचलायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगी गेली. बाळ वाचलं.

कार्यालयाने आपल्यापुरती चौकशी उरकली आणि खापर मास्तरांवर फोडलं. म्हणे, मास्तर सगळं हाताने करत. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांची हाताने केलेली मांडणी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर पुसली गेली, म्हणून सर्व्हर मुका झाला. त्या दिवशी मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्या रजेवरून ते कामावर परत आलेच नाहीत. त्यांना येऊच दिलं नाही.

संघाच्या अध्यक्ष, डॉक्टरबाई, तिला नेमताना म्हणाल्या होत्या, “तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, माहीत आहे मला. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. त्यांच्या बाजूने खोटं लिहिलंत तर मला कळेल. त्यांच्याविरुद्ध खरं लिहाल का, ते मात्र मला सांगता येत नाही.”

“मास्तरांची चूक नसणार, डॉक्टरबाई.”

“नसली तर दाखवून द्या. माणसाने उभा जन्म काम केलं आणि लोक आता त्याचं नाव काढलं की तोंड फिरवतात. मलाही बरं वाटत नाही ते.” मग चष्मा पुसत त्या जरा थांबल्या. “आणखी एक. ही गोष्ट मला डोळ्याला डोळा लावू देत नाही. त्या दुपारी माझ्या स्वतःच्या रुग्णालयात उत्तरं येत होती. एकही प्रश्न अडला नाही. सर्व्हर मुका झाला होता, तर माझ्याशी कोण बोलत होतं?”

२

कार्यालयाचे प्रमुख म्हणजे साहेब. त्यांच्या केबिनला चहूबाजूंनी काच होती. बाहेर सगळं दिसत असे, आतलं काही ऐकू येत नसे.

“मास्तर म्हणजे जुन्या वळणाचा माणूस,” साहेब म्हणाले. “चांगलाच माणूस. पण हट्टी.”

“ते तर नेहमी सांगायचे की कार्डांची मांडणी आपोआप होते. हाताने काही करावं लागत नाही.”

“सांगायचे. करायचे काय, ते कुणी पाहिलंय?”

“त्या दिवशी रीस्टार्ट कुणी केला?”

“झाला.”

“आपोआप?”

“सर्व्हर आहे, बाई. होतो कधीमधी.”

“क्लाउडच्या खात्यात कुणी काय केलं याची नोंद असेल ना?”

साहेबांनी पेपरवेट सरळ केला. “सगळे एकाच नावाने आत शिरतात. नोंद ठेवायची सोय आहे, पण ती सुरू करायची राहून गेली.”

“कुणाकडून?”

साहेबांना अचानक काचेबाहेरचं काहीतरी फार महत्त्वाचं वाटलं.

पडद्यांच्या खोलीत पोपट बसला होता. हे त्याचं टोपणनाव, आणि एकदा तोंड उघडलं की ते का पडलं हे कुणालाही कळे. सेवा चालू आहे का यावर नजर ठेवायचं काम त्याचं.

“माझं काम सोपं आहे, ताई. हिरवं दिसलं की बसायचं, लाल दिसलं की ओरडायचं. त्या दिवशी दुपारभर हिरवं होतं. देवाशपथ हिरवं! आणि तिकडे ती पोरगी…” तो थांबला. थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते जास्त जाणवलं.

“हिरवं म्हणजे नक्की काय? सर्व्हरला कोण विचारतं?”

“त्याच्याच शेजारचं यंत्र. एकाच नेटवर्कात दोघं. ते विचारतं, ‘आहेस का रे?’ हा म्हणतो, ‘आहे.’ झालं हिरवं.”

“शेजारचं,” ती स्वतःशी म्हणाली. डॉक्टरबाईंच्या रुग्णालयाचं यंत्रही त्याच नेटवर्कात होतं. जवळच्यांना उत्तर, लांबच्यांना शुकशुकाट. “आणि रीस्टार्ट झाला तेव्हा? घटकाभर तरी लाल झालं असेल?”

“मला काय माहीत! मी खाली होतो. जावईबापूंनी पिटाळलं ना सगळ्यांना, चहाला जाऊन या म्हणून.” पोपट खुर्चीतच पुढे वाकला. “सासऱ्याचं सगळं उचललंय हो त्यांनी. चष्मा कपाळावर सरकवणं, मान हलवणं, आता चहासुद्धा! एक तेवढं डोकं उचलायचं राहिलं.”

तिला हसू आलं. जावईबापू म्हणजे मास्तरांच्या लेकीचा नवरा. मास्तरांच्या शब्दावर तो या कार्यालयात लागला होता आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसत होता. ऑफिसात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, आणि त्या हाकेतली टोचणी त्याला रोज गिळावी लागे.

ती जिन्याकडे निघाली तशी तोच मागून आला. उंच, खांदे पाडून चालणारा.

“ताई, एक विनंती आहे. बाबांना आता सोडा. कशाला उकरून काढायचं?”

“ज्याने काही केलं नाही त्याला सोडायचा प्रश्न कुठे येतो?”

“तुम्हाला साहेबांनी दाखवलं नाही वाटतं.” त्याने नजर चुकवली. “बाबांनी कबुली दिलीय. सही करून. चूक माझीच, असं.”

३

सही मास्तरांचीच होती. पहिलं अक्षर लांब ओढायची त्यांची सवय चौकसला पाठ होती. कबुली दिलेल्या माणसाला निर्दोष ठरवायचं म्हणजे त्यालाच खोटं पाडायचं.

पण कबुली म्हणजे काही पुरावा नव्हे. सर्व्हर समोर होता, त्याला विचारता येत होतं.

सकाळी कामाचा जोर नसतो तेव्हाची वेळ तिने मागून घेतली. तेवढ्या वेळात कुणाचं अडू नये म्हणून रक्तपेढ्यांमध्ये फोनवर माणसं बसवली. पडद्यांच्या खोलीत डॉक्टरबाई, साहेब, जावईबापू आणि पोपट, सगळे उभे राहिले.

“मला कळेल असं सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत,” चौकस म्हणाली. “घराला दोन दारं असावीत तशी. पहिलं दार ऑफिसच्या कामाचं. दुसरं तुमच्या रुग्णालयांचं. जो ज्या दाराने आला त्याचं उत्तर त्याच दाराने जायला हवं. दुसऱ्या दाराने आलेल्याचं उत्तर पहिल्या दाराने निघालं, तर तिथला पहारेकरी म्हणतो, हा चेहरा या दाराचा नाही, आणि ते तिथेच टाकून देतो. म्हणजे सर्व्हर ऐकतो, उत्तरही देतो, पण ते पोचत नाही.”

“पण मला पोचत होतं.”

“तुमचं यंत्र दुसऱ्या दाराच्या अंगणातच आहे. अंगणातल्या माणसाला हाक मारायला वाट लागत नाही. वाट लागते ती लांबच्यांना.”

पोपटाने “अरे बाप रे” म्हणून कपाळावर हात मारला. त्याचं हिरवंही अंगणातलंच होतं.

“लिनक्सवर ही वाटांची मांडणी करणारा एक छोटा प्रोग्राम असतो. सर्व्हर सुरू झाला की तो क्लाउडला विचारतो, कार्डं किती, कोणती. मग प्रत्येक कार्डाला त्याची वाट आखून देतो आणि त्या कार्डाच्या नंबरासकट खूण करून ठेवतो. पुढच्या वेळी ती खूण बघून तीच वाट पुन्हा आखतो. आता साहेबांचं म्हणणं असं की रीस्टार्टने वाट पुसली गेली. बघू या.”

तिने सर्व्हर रीस्टार्ट केला. फोनच्या दुसऱ्या टोकाला त्या लांबच्या रुग्णालयातली परिचारिका होती.

“पाठवा प्रश्न.”

“पाठवला.” मग लगेच, “आलं! उत्तर आलं.”

तिने पुन्हा रीस्टार्ट केला. पुन्हा उत्तर आलं.

साहेबांनी रुमाल काढला. जावईबापू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आता त्याने चौकट हाताने धरली.

“ऐका ना,” परिचारिका फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, “तिची आई इथे आहे. बाळाला दाखवायला आणलंय. तुमच्याशी बोलायचं म्हणतेय. देऊ?”

चौकस फोन घेऊन बाहेर आली.

“बाई,” पलीकडचा आवाज थकलेला होता, मधेच बाळाला थोपटल्याचं ऐकू येत होतं. “ज्याला विचारावं तो म्हणतो, तांत्रिक कारण. मी अडाणी नाही, शाळेत शिकवलंय मी. तांत्रिक म्हणजे कोण, एवढंच मला कळू दे.”

“शोधतेय, आई.”

“सापडलं की सांगशील? फोनवर नको. इथे येऊन, समोर बसून सांग. आणि अर्धं नको सांगूस. माझ्या लेकीच्या वेळी सगळ्यांनी सगळंच अर्धं केलं.”

“येईन मी. पूर्ण सांगेन.”

ती परत आत आली तेव्हा डॉक्टरबाई साहेबांकडे एकटक बघत होत्या.

“म्हणजे रीस्टार्टने काही झालं नाही,” त्या म्हणाल्या.

“रीस्टार्टने हा सर्व्हर मुका होऊच शकत नाही,” चौकस म्हणाली. “त्या दुपारी मुका झाला तो हा सर्व्हर नव्हता. दुसराच कुणीतरी याच्या जागी बसला होता.”

४

पण तो दुसरा सर्व्हर गेला कुठे? क्लाउडवरचं यंत्र उभं करायलाही क्षण, आणि पाडून टाकायलाही. धूर निघत नाही, राख उरत नाही. नोंद कुणी ठेवली नव्हती. कुणी उभा केला हे सांगणार कोण?

विचार करत ती जिन्याच्या वळणावर थांबली. खालून चहाच्या टपरीवरचा कपबशांचा आवाज येत होता. तिला आपण पहिल्यांदा त्या टपरीवर गेलो तो दिवस आठवला. मास्तर काही रोज चहा पाजत नसत. महिनोन्महिने पाजत नसत. पाजत ते फक्त एका दिवशी. जुन्या सर्व्हरचा क्लोन काढून नवा उभा करायचा असे, त्याच दिवशी.

*जावईबापूंनी पिटाळलं ना सगळ्यांना, चहाला जाऊन या म्हणून.*

पोपट बोलला तेव्हा ती हसली होती. आता ती वळली आणि पायऱ्या चढून वर गेली.

जावईबापू मास्तरांच्या जुन्या टेबलाशी बसला होता. समोरचा पडदा बंद होता.

“त्या दुपारी क्लोन काढलात तुम्ही,” ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

“कोण म्हणतं?”

“चहा म्हणतो.”

त्याचे पडलेले खांदे आणखी पडले.

“सर्व्हर जड झाला होता, ताई. साहेब म्हणाले, मास्तर येईपर्यंत थांबू. सारखं मास्तर, मास्तर! मी त्या घरातही जावई, इथेही जावई. म्हटलं, एकदा दाखवून देऊ. क्लोन काढला, नवी दोन्ही कार्डं लावली, येणारे प्रश्न त्याच्याकडे वळवले. शेजारच्या यंत्रावरून तपासलं. उत्तर आलं, हिरवं झालं. मी साहेबांना पेढे आणायला सांगणार होतो.” तो हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. “मग त्या रुग्णालयातून तो फोन आला.”

“आणि क्लोन?”

“साहेब म्हणाले, पाडून टाक. जुना परत लाव. रीस्टार्ट झाला म्हणू.”

“आणि मास्तरांचं नाव?”

“ते नाव नंतर घातलं साहेबांनी. मी… मी नाही म्हटलं नाही.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “पण माझं चुकलं काय, ते मला अजून कळलेलं नाही, ताई. खरंच सांगतो. बाबा करायचे तंतोतंत तसंच केलं मी. किती वेळा बघितलंय त्यांना.”

“काय काय बघितलंत?”

“सगळं. क्लोनचं पान उघडायचे, नाव घालायचे, मग आम्हाला चहाला…” तो अडखळला. “आणि वर आलो की नवा उभा असायचा. म्हणायचे, बाकी आपोआप होतं रे.”

चौकस मनात एकेक तुकडा जुळवत गेली.

क्लोन म्हणजे जुन्याची तंतोतंत प्रत. जुन्या कार्डाच्या नंबराची खूणही तिच्यात जशीच्या तशी येणार. नव्या सर्व्हरवर प्रोग्राम जागा होतो, खूण बघतो, म्हणतो, दुसऱ्या कार्डाचं काम झालेलं दिसतंय. नवी वाट आखत नाही. आणि खुणेतला नंबर जुन्या कार्डाचा, म्हणून जुनी वाटही लागू होत नाही. दार उघडं, वाट नाही. हे टाळायला एकच गोष्ट करायची असते. क्लोन काढायच्या आधी ती खूण पुसायची. एका ओळीचं काम.

मास्तरांचा एकही क्लोन कधी मुका झाला नव्हता. म्हणजे ती ओळ ते दर वेळी लिहीत होते. सगळे खाली चहा पीत असताना.

“हे झालं त्या दिवशी संध्याकाळी,” जावईबापू हळूच म्हणाला, “मी बाबांना खरं सांगितलं. डोळ्यांवर पट्टी होती त्यांच्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘जवळच्यांना उत्तर गेलं होतं का?’ मी हो म्हटलं. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. साहेबांनी कबुलीचा कागद पाठवला तेव्हा वाचून दाखवू का, हेही विचारू दिलं नाही. सही केली. मला वाटलं, लेकीकडे बघून मला वाचवलं.”

चौकसलाही आतापर्यंत तसंच वाटत होतं.

५

दार मास्तरांच्या लेकीने उघडलं. दोघी एके काळी एकाच डब्यातून जेवलेल्या.

“आलीस?” ती म्हणाली. “कुणाला वाचवायला आलीस, ते आधी सांग. म्हणजे मी कुणासाठी रडायचं ते ठरवते. दोघांसाठी एकदम रडायला जमत नाही गं.”

“मास्तर कुठे आहेत?”

“आत. दिसायला लागलंय त्यांना आता. पण बघत कुणाकडेच नाहीत.” ती बाजूला झाली. जाताजाता तिने चौकसच्या दंडाला जोरात धरलं, काही बोलली नाही, आणि सोडलं.

मास्तर खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होते. काळा चष्मा, अंगावर शाल, गुडघ्यांवर रिकामे हात. त्या हातांना गुण आहे, असं सगळं ऑफिस म्हणायचं. दुसऱ्या कुणी क्लोन काढायला घेतला की काहीतरी बिनसायचं, मास्तरांनी हात लावला की सुरळीत व्हायचं.

“चौकस? पावलं ओळखली मी.”

“मास्तर, जावईबापूंनी सगळं सांगितलं मला. तो क्लोन, साहेबांचं खोटं, सगळं. रीस्टार्टने काही होत नाही हे मी सगळ्यांसमोर दाखवलं. तुमच्यावरचा ठपका खोटा आहे.”

“शाबास,” ते म्हणाले. आवाजात आनंदाचा लवलेश नव्हता.

“मग सही का केलीत?”

“लेक आहे मला.”

“लेकीसाठी केलीत?”

ती त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली. शिकत असताना बसायची तशीच.

“एक विचारू? तुम्ही आम्हाला चहाला का पाठवायचात?”

“दमलेले असायचात तुम्ही.”

“सकाळी आल्या आल्याही दमलेलो असायचो?”

मास्तरांचे हात शालीखाली गेले.

“मी तुमच्याजवळ वर्षानुवर्षं होते, मास्तर. मी प्रश्न विचारून जीव खायची आणि तुम्ही हसत उत्तर द्यायचात. मला वाटायचं, या माणसाने हातचं राखून काही ठेवलेलं नाही. खूण पुसायची एक ओळ. तेवढी कधी सांगितली नाहीत. मला नाही, जावयालाही नाही.”

बाहेरच्या खोलीत लेकीने नळ सोडला आणि उगाच सोडून ठेवला.

“सगळं आपोआप व्हायला लागलं होतं गं,” मास्तर शेवटी म्हणाले. “आधी मी एकेका कार्डाला हाताने वाट आखायचो. लोक मला शोधत यायचे. मग तो प्रोग्राम आला आणि माझं काम क्षणात करायला लागला. एक दिवस बघितलं तर माझ्याकडे ती एक ओळ उरली होती. एवढीच. ती पण दिली असती तर मला कुणी कशाला विचारलं असतं?”

“म्हणून सही केलीत. चूक झाली म्हणून सही करणं बरं. हे बाहेर येण्यापेक्षा.”

“चुकलेल्या माणसाला लोक माफ करतात, चौकस.” त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “हे कुणी माफ करेल का?”

त्यांचं नाव धुऊन काढायला ती आली होती. धुता धुता खालचा डाग वर आला होता.

“मी त्या मुलीच्या आईकडे जाणार आहे,” ती म्हणाली. “तसं सांगितलंय मी त्यांना.”

“जा. अवश्य जा. साहेबांचं सांग. जावयाचंही सांग, मी काही म्हणणार नाही, लेकीचं मी बघेन.” मग त्यांनी पुढे वाकून तिचा हात धरला. त्यांचा हात थंड होता. “चहाचं तेवढं सांगू नकोस. तेवढं माझं राहू दे. तुला माझ्याच हाताखाली…”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तिने हात सोडवून घेतला नाही. ते आपणहून सोडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

६

तिचा अहवाल डॉक्टरबाईंनी शेवटपर्यंत वाचला. मग पालथा घातला.

“तुम्ही त्यांच्याविरुद्ध खरं लिहिलंत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला वाटलं होतं तेवढा आनंद होत नाही वाचून.” त्यांनी डोळे चोळले. “संघाची बैठक झाली. हे असं बाहेर गेलं तर निम्मी रुग्णालयं सेवा सोडतील. मग सगळीकडे पुन्हा फोन, पुन्हा धावाधाव. आणखी किती जातील मुली, तुम्हीच सांगा. साहेबांना समज दिलीय. जावयाची बदली. नोंद ठेवायची सोय सुरू झाली. आणि ती ओळ आता सगळ्यांना शिकवलीय.”

“आणि त्या घरी काय कळवणार?”

डॉक्टरबाई खिडकीकडे वळल्या. “तांत्रिक कारण.”

“मास्तरांची ती कबुली?”

“ती राहील. त्यांनी स्वतःच दिलीय. सगळ्यांना सोयीची आहे.” त्या थोडं थांबून म्हणाल्या, “त्यांनाही, नाही का?”

चौकसने आपली प्रत पिशवीत घातली नाही, तिथेच टेबलावर राहू दिली. कागद नेऊन चालणार नव्हतं. समोर बसून बोलायचं होतं.

“तुम्ही तिकडे गेलात तर मला ते माहीत नाही,” डॉक्टरबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“बरं,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने एक जोड कपडे आणि पाण्याची बाटली घेतली. मास्तरांच्या लेकीचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

“बाबा जेवले नाहीत,” लेक म्हणाली. “सारखे विचारताहेत, चौकस गेली का. काय सांगू?”

“निघतेय म्हणून सांग.”

“आणि काय सांगणार आहेस तिथे, ते?”

“ते त्यांना माहीत आहे.”

मग लेक हळूच म्हणाली, “जपून जा,” आणि फोन ठेवला.

एसटी स्टँडवर फार गर्दी नव्हती. त्या गावाची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. चौकस चढली, मागच्या बाजूला खिडकीजवळ बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. सुरुवात कुठून करायची, याचा ती विचार करत होती. साहेबांपासून केली तर सोपं जाईल, ऐकणारीलाही आणि सांगणारीलाही. पण मास्तरांचं नाव शेवटी ठेवलं तर ते घशातच राहून जाईल, हे तिला ठाऊक होतं. त्यांच्यापासूनच सुरुवात करायची.

कंडक्टर जवळ आला. तिने गावाचं नाव सांगितलं.

“परतीचं पण देऊ?”

“नको,” ती म्हणाली. “तिथे किती वेळ बसावं लागेल, सांगता येत नाही.”